दूध तोडण्याआधी वासराचे पोट तयार करा



गेल्या अंकात आपण खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा विचार केला. या अंकात शेतकी विभागाने उसाचे पान बाजूला ठेवून गोठ्याचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. पण ऊस आणि गोठा ही आपल्या घरातली दोन वेगळी खाती नाहीत. उसाचे बिल हातात येईपर्यंत किराणा, मुलांची फी आणि औषधपाणी चालते ते दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर. तो पगार देणारी गाय काही आकाशातून पडत नाही. आज दावणीच्या कोपऱ्यात बांधलेल्या कालवडीतूनच ती तयार होते. आणि ती कालवड सर्वात जास्त मार खाते तो दूध तुटण्याच्या पंधरा-वीस दिवसांत.

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. टोळ्या आल्या की घरोघरी वाढे येतील. पावसाळ्यात जन्मलेली वासरे नेमकी याच वेळी दूध तोडण्याच्या वयाला येतात. म्हणून हा विषय आत्ताच घेत आहोत.

आमची एक चूक

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आम्ही तोडणीच्या नोंदी तपासत एका वस्तीवर गेलो होतो. तिथल्या सभासद आक्कांच्या गोठ्यात होल्स्टीन संकरित गाईची सात आठवड्यांची कालवड होती. अंगाने चांगली, डोळ्यांत तेज. आक्कांनी विचारले, "साहेब, हिचं दूध कधी तोडू? दोन्ही वेळचं मिळून चार लिटर हिलाच जातंय." आम्ही कृषी पदविकेत शिकलेले आठवून सांगून टाकले, "दोन महिने झाले की तोडा."

आक्कांनी दिवस मोजले आणि साठाव्या दिवशी दूध बंद केले. त्याच आठवड्यात त्यांच्या उसाला टोळी लागली. घरातली माणसे फडावर, आणि गोठ्यात हिरव्यागार वाढ्यांचा ढीग. भुकेली कालवड त्यावर तुटून पडली. दोन दिवसांत पोट फुगल्यासारखे दिसू लागले आणि तिसऱ्या दिवशी हगवण लागली. डॉक्टर येईपर्यंत डोळे खोल गेले होते. आठव्या दिवशी कालवड गेली.

पुढच्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा आक्का रागावल्या नाहीत. चहा पुढे ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दिवस मोजलं, तिचं पोट न्हाई मोजलं."

हे बोलणे आम्हाला लागले, आणि ते लागायलाच हवे होते. आम्ही हिशेब मांडून पाहिला. दूध आणखी पंधरा दिवस चालू ठेवले असते तर चार लिटरप्रमाणे फार तर ६० लिटर दूध गेले असते. ते वाचवायला गेलो आणि एक गाय गेली. त्यानंतर पशुवैद्यकीय डॉक्टरांशी बोलून, गोठ्यागोठ्यांत पाहून आम्ही जे शिकलो ते या लेखात सांगत आहोत.

पूर्वी हा प्रश्न का नव्हता?

आपल्या आजोबांच्या वेळी खिलार गाय होती. तिला दूध बेताचे, आणि त्यातले बरेचसे वासराचेच. वासरू महिनोन्‌महिने सडाला असे. आईबरोबर चरताना हळूहळू गवत तोंडात घेई. गाय आटत जाई तसे दूध आपोआप तुटे. दूध तोडायचा दिवस म्हणून वेगळा नसेच.

पुढे संकरित गाय आली. १९६७ साली उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी बाएफ संस्था उभी केली. १९७० साली देशात दूध महापूर योजना सुरू झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी ही गाय दिली. दूध वाढले, डेअरीचे संकलन वाढले, घरात पैसा खेळू लागला. ही फार मोठी गोष्ट झाली यात शंका नाही. पण त्याबरोबर वासरू आईपासून दूर बांधले गेले आणि त्याचे दूध लिटरने मोजले जाऊ लागले. निसर्ग जे काम चार-सहा महिन्यांत हळूहळू करीत होता, ते आपण एका दिवसात करू लागलो. खरी अडचण तिथे आहे.

टिपरी आणि कोंब

ऊस उत्पादकाला ही गोष्ट उसावरूनच चांगली समजेल. लागण केल्यावर कोंब वर येतो तो कशाच्या जोरावर? टिपरीतल्या साठ्याच्या. सुरुवातीला टिपरीची मुळे असतात, ती तात्पुरती. पुढे कोंबाला स्वतःची मुळे सुटतात आणि मगच तो जमिनीतून खाऊ लागतो. तोपर्यंत टिपरी कुजली किंवा हुमणीने खाल्ली तर कोंब वाळतो. शेतात खत कितीही असो, उपयोग होत नाही. रोपवाटिकेतले रोप ट्रेमधून काढतानासुद्धा जाणकार शेतकरी नुसते दिवस मोजत नाही. एक रोप उपटून मुळांचा गड्डा धरला आहे की नाही ते पाहतो.

वासराचे तसेच आहे. दूध ही त्याची टिपरी. चारा पचविणारे पोट ही त्याची स्वतःची मुळे. ती सुटण्याआधी दूध तोडले तर समोर चारा असूनही वासरू उपाशी राहते.

वासराच्या पोटात काय चालते?

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. मोठ्या गाईत कोटीपोट सर्वात मोठे. चारही कप्प्यांचे मिळून जे आकारमान होते त्यातले सुमारे ८० टक्के एकट्या कोटीपोटाचे. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात. ते चारा कुजवून त्यातून गाईला ताकद मिळवून देतात. गाय चारा खाते असे आपण म्हणतो, पण पचवितात ते हे जंतू.

नुकत्या जन्मलेल्या वासरात सगळे उलटे असते. खरे पोट सर्वात मोठे, आणि कोटीपोट लहान, मऊ, आतून जवळपास गुळगुळीत. वासरू दूध पिताना अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटात न उतरता सरळ पुढे खऱ्या पोटात जाते. म्हणून दूध कितीही पाजले तरी त्याने कोटीपोट वाढत नाही.

मग ते वाढते कशाने? कोरड्या, दाणेदार खुराकाने आणि पाण्याने. भरडलेला मका आणि पेंड कोटीपोटात जाऊन आंबते. त्यातून जी आम्ले तयार होतात, विशेषतः ब्यूटिरिक आम्ल, त्यामुळे कोटीपोटाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक अंकुर फुटतात. या अंकुरांतूनच अन्नरस अंगात शोषला जातो. चारा खाल्ल्याने पोट ताणले जाते, त्याचे स्नायू बळकट होतात आणि रवंथ सुरू होते. पण अंकुर वाढविण्याचे काम मुख्यतः खुराकाचे. नुसत्या चाऱ्यावर वाढलेल्या वासराचे पोट मोठे दिसते, आतून मात्र ते कच्चे राहते.

"पोट सुटलंय, म्हणजे वासरू खातंय चांगलं," असे आपण गोठ्यात नेहमी ऐकतो. हे काही खरे नाही. पाठीचे मणके दिसत आहेत, केस राठ झाले आहेत आणि पोट मडक्यासारखे लोंबते आहे, असे वासरू निकस चाऱ्याचे किंवा जंतांचे बळी समजावे.

सुरुवात चिकापासून

आतड्याची तब्येत दूध तोडताना नव्हे, जन्माच्या दिवशीच ठरू लागते. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती पहिल्या काही तासांत सर्वात चांगली असते. नंतर ती झपाट्याने कमी होते आणि २४ तासांनंतर जवळपास संपते.

आपल्याकडे अजून काही ठिकाणी "वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही" अशी समजूत आहे. वार पडायला आठ-दहा तास लागले तर तेवढा वेळ वासरू कोरडे राहते आणि सोन्यासारखी वेळ निघून जाते. वार आणि चीक यांचा असा काही संबंध नाही. सड धुऊन पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. पहिल्या दिवसाचे प्रमाण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे २५ ते ३० किलोच्या वासराला अडीच ते तीन लिटर. त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन तासांत पोटात गेला पाहिजे. खरवस जरूर करा, शेजारीही वाटा, पण वासराचा वाटा आधी.

दूध, पाणी आणि खुराक

दूध : पहिल्या महिन्यात रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध हे कमीत कमी समजावे. वासराला थोडे जास्त दिले तर वाढ चांगलीच होते. दूध अंगाच्या उबेइतके कोमट असावे, वेळ ठरलेली असावी, भांडे प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुतलेले असावे. आज थंड, उद्या गरम, सकाळी सहाला, दुसऱ्या दिवशी नऊला, असे झाले की पोट बिघडते.

वजन कसे काढायचे? दोरी व टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून ६६० ने भागा, म्हणजे अंदाजे किलो मिळतात. घेर ३२ इंच आणि लांबी २८ इंच असेल तर वजन सुमारे ४३ किलो येते. अशा वासराला दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास दूध लागते.

पाणी : "लहान वासराला पाणी दिलं की हगवण लागते" ही दुसरी चुकीची समजूत. दूध खऱ्या पोटात जाते. वासरू आपणहून पिते ते पाणी कोटीपोटात उतरते. तिथल्या जंतूंना पाणी नसेल तर खुराक आंबणार कसा? चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्वच्छ पाणी समोर असावे. वासरू जेवढा किलो खुराक खाते त्याच्या चौपट लिटरच्या आसपास त्याला पाणी लागते. पाणी नाही तर खुराक खाणे नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

खुराक : दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावा. दूध पाजून झाले की लगेच मूठभर खुराक तोंडाला लावावा, म्हणजे चाटता चाटता सवय लागते. चौथ्या आठवड्यात वासरू साधारण पाव किलो, सहाव्यात अर्धा किलो आणि आठव्या-नवव्यात पाऊण ते एक किलोपर्यंत येते. उरलेला खुराक रोज सकाळी काढून गाईला टाकावा. ओला, आंबलेला खुराक वासरापुढे ठेवू नये.

बाजारात वासरांचा तयार खुराक मिळतो. घरी करायचा असेल तर १०० किलोसाठी पुढील प्रमाण चालते:

मक्याचा जाडसर भरडा – ५० किलो
शेंगदाणा पेंड – ३२ किलो
गव्हाचा कोंडा – १० किलो
गूळ – ५ किलो
खनिज मिश्रण – २ किलो
मीठ – १ किलो

यात प्रथिने १९-२० टक्क्यांच्या घरात बसतात. मका पिठासारखा दळू नये. पीठ नाकात जाते आणि पोटात चिकटते. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून चोळावा, म्हणजे खुराकाला चव येते आणि धूळ उडत नाही. एकदम जास्त न करता आठ-दहा दिवसांपुरताच खुराक करावा, म्हणजे बुरशी धरत नाही. काही सभासद विचारतात, "कारखान्याचं मोलॅसिस का नको?" मोलॅसिसवर परवान्याचे बंधन आहे, ते असे घरी नेता येत नाही. आणि गोड जास्त झाले तर शेण पातळ होते. पाच किलो गूळ पुरे.

तीन गोष्टी वासराच्या खुराकात अजिबात नकोत. पहिली, सरकी पेंड. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठी गाय ते सोसते, लहान वासराला ते बाधते. दुसरी, युरिया असलेले मोठ्या जनावरांचे पशुखाद्य. युरियाचा उपयोग करणारे जंतू वासराच्या पोटात अजून पुरते बसलेले नसतात, त्यामुळे विषबाधेचा धोका असतो. पोत्यावरची चिठ्ठी वाचून घ्यावी. तिसरी, बुरशी लागलेली पेंड. पावसाळ्यात ओल लागलेली शेंगदाणा पेंड "थोडीच आहे, जाऊ दे" म्हणून वासराला घालू नये.

तिसऱ्या आठवड्यापासून मऊ वाळलेले गवत थोडे थोडे द्यावे. लसूणघास द्यायचा तर सुकवून, चिमटीने. मुख्य भर खुराकावरच असावा.

दूध केव्हा तोडावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमचे आजचे उत्तर असे आहे: तारीख पाहू नका, खुराक पाहा. संकरित वासरू सलग तीन दिवस रोज एक किलोच्या आसपास खुराक खात असेल, पाणी पीत असेल, रवंथ करीत असेल आणि शेण घट्ट असेल, तरच दूध कमी करण्यास सुरुवात करावी. कुणाचे वासरू आठव्या आठवड्यात तिथे येईल, कुणाचे बाराव्या. जे मागे असेल त्याला वेळ द्यावा.

एक किलो म्हणजे किती, हे अंदाजाने ठरवू नये. एक डबा घेऊन दुकानात एकदा खुराक तोलून घ्या आणि डब्यावर खूण करा. रोज घातलेला आणि उरलेला, दोन्ही पाहा.

कमी करण्याची रीत दहा दिवसांची ठेवावी. समजा वासरू दोन वेळचे मिळून ४ लिटर पिते.

१ ते ३ दिवस – रोज ३ लिटर (दीड आणि दीड)
४ ते ६ दिवस – रोज २ लिटर (एक आणि एक)
७ ते ९ दिवस – फक्त सकाळी १ लिटर
१० वा दिवस – दूध बंद

दूध उतरत जाते तसा खुराक चढत गेला पाहिजे. तो चढत नसेल किंवा शेण सैल झाले तर त्याच पायरीवर दोन-तीन दिवस थांबावे. वासरू तयार नसेल तर घाई करून आपण काहीच कमावत नाही.

दूध तुटल्यानंतरचे पंधरा दिवस

या पंधरा दिवसांत वासरावर दुसरा कोणताही ताण येऊ देऊ नये. जागा तीच, दावे तेच, खुराक तोच. शिंगकळ्या जाळायच्या असतील तर ते काम आधीच, दोन-तीन आठवड्यांचे असताना डॉक्टरांकडून करून घ्यावे. लस, बाजार, दुसऱ्या गोठ्यात हलविणे, हे त्याच आठवड्यात नको. लागणीचा ऊस पाण्याच्या ताणावर असताना आपण त्यावर तणनाशक मारतो का? तसेच हे.

खुराक कमी करू नका. "दूध बंद झालं, आता चाऱ्यावर जगेल" असे म्हणून खुराकही काढून घेतला जातो, आणि इथेच पुष्कळ कालवडी खुरटतात. दीड ते दोन किलोपर्यंत हळूहळू वाढवीत न्यावे आणि चार-सहा महिन्यांपर्यंत चालू ठेवावे. मात्र उपाशी वासरापुढे एकदम पाटीभर धान्य ठेवू नये. पोटात आम्ल वाढून ते आडवे पडते.

जागा कोरडी हवी. तीन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या वासरांना रक्ती हगवणीचा त्रास होतो. तो ओल्या, शेणाने भरलेल्या जागेत आणि नेमका अशा ताणाच्या वेळी उचल खातो. जंतांचा पहिला डोस १० ते १५ दिवसांच्या वयात द्यावा. पुढचे डोस सहा महिन्यांपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत. म्हशीच्या रेडकांत गोल जंत जास्त असतात, म्हणून त्यांचा पहिला डोस चुकवूच नये. पोटाची बाकीची तयारी रेडकांनाही वरीलप्रमाणेच करावी.

वाढे कधी, किती?

हंगामात वाढे फुकट किंवा स्वस्त मिळतात, म्हणून सगळ्या गोठ्याचा भार त्यावर जातो. मोठ्या जनावराचे त्यावर निभते. वासराचे निभत नाही. वाढ्यात प्रथिने कमी आणि तंतू चिवट. शिवाय त्यात ऑक्झलेट असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते, आणि हाडे वाढविण्याच्या वयात वासराला नेमके तेच हवे असते.

दूध तुटण्याच्या आगेमागे वाढे वासराच्या तोंडाशी येऊच देऊ नयेत. ढीग वासरापासून लांब टाकावा. चार महिन्यांनंतर, पोट रुळल्यावर, बारीक कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, इतर चाऱ्यात थोडीशी मिसळून सुरुवात करावी आणि खनिज मिश्रण चालू ठेवावे. टोळी फडात असते तेव्हा घरात कुणाला वेळ नसतो, हे आम्ही पाहतो. म्हणून वासरासाठी गवताची एक गंजी आणि खुराकाचे एक पोते हंगामाआधीच बाजूला काढून ठेवावे.

हगवण लागलीच तर

हगवणीत वासरू मरते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिला उपाय पाण्याचा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि चार चमचे ग्लुकोज पावडर घालावी. असे दोन ते चार लिटर पाणी दिवसभरात थोडे थोडे करून पाजावे. दूध आणि हे पाणी एकत्र करू नये. दोन तासांचे अंतर ठेवावे.

पूर्वी हगवण लागली की दूध बंद करा असे सांगत. आम्हीही सांगितले आहे. आता तसे सांगत नाहीत. दूध बंद केले की वासराची ताकद जाते. दूध पिणाऱ्या वासराला दूध चालूच ठेवावे, फक्त थोडे थोडे, जास्त वेळा विभागून द्यावे. दूध तोडण्याचे काम चालू असेल तर ते तिथेच थांबवावे.

डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसली नाही, कान आणि तोंड गार लागले, शेणात रक्त दिसले किंवा वासरू उठेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. "उद्या बघू" म्हणू नये. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणून घालू नयेत. प्रत्येक हगवणीला प्रतिजैविक लागत नाही, आणि चुकीचे औषध पोटातले चांगले जंतूही मारते.

हिशेब

चांगली वाढलेली संकरित कालवड १५ ते १८ महिन्यांत माजावर येते आणि अडीच वर्षांच्या आत विते. लहानपणी पोटाने मार खाल्लेली कालवड जगली तरी तीन-साडेतीन वर्षांपर्यंत रिकामीच खाते. त्या वर्षभराचा चारा, पाणी, शेण काढायचे कष्ट, शिवाय न मिळालेल्या एका वेताचे दूध, हे सगळे कुठल्याच वहीत लिहिले जात नाही. डेअरीला घातलेले ६० लिटर मात्र पावतीवर दिसते. म्हणून आपण फसतो.

थोडक्यात

१. चीक पहिल्या दोन तासांत. वार पडायची वाट पाहू नये.
२. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पाणी, दुसऱ्या आठवड्यापासून खुराक.
३. खुराकात सरकी, युरियाचे खाद्य व बुरशीची पेंड नको.
४. सलग तीन दिवस एक किलो खुराक, मगच दूध कमी करणे. तेही दहा दिवसांत.
५. नंतर पंधरा दिवस काहीही बदल नको, वाढे लांब.
६. हगवणीत मीठ-सोडा-ग्लुकोजचे पाणी लगेच, डॉक्टर त्याच दिवशी.

ज्या आक्कांची गोष्ट सुरुवातीला सांगितली त्यांच्याकडे गेल्या श्रावणात पुन्हा कालवड झाली आहे. परवा आम्ही गेलो तर गोठ्याच्या खांबाला एक डबा टांगलेला, त्यावर विळ्याने एक किलोची खूण. आम्ही विचारले, "किती दिवसांची झाली?" आक्का म्हणाल्या, "दिवस इचारू नका साहेब. पाऊण डबा खाती अजून."

दूध अजून चालू आहे. आम्ही यावर काही बोललो नाही. डायरीत फक्त लिहून घेतले.

सभासदांनी आपल्या गोठ्यातील अनुभव, शंका किंवा आमच्या लिहिण्यातील चूक गट कार्यालयात जरूर कळवावी.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग